समन्यायी वाटप धरणाच्या भिंतीपाशी थांबू नये

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण,
मुंबई.

विषय : ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील समन्यायी वाटपाचा हिशेब जायकवाडीच्या कालव्यांवरील शेवटच्या चारीपर्यंत नेण्याबाबत.

महोदय,

मी परभणी जिल्ह्यातला, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातला शेतकरी आहे. आमची जमीन एका लघुवितरिकेच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, अगदी टेलला, शेवटच्या टोकाला आहे. चारी खोदायची म्हणून माझ्या वडिलांनी काळ्या रानातला एक पट्टा दिला, तेव्हा मी शाळेत होतो. त्या चारीतून पाणी आलेले मी पाहिले आहे, आणि ती वर्षानुवर्षे कोरडी राहून तिच्यात बाभळी उगवलेल्याही पाहिल्या आहेत. आज माझे वय साठीच्या पुढे आहे आणि कोणाविषयी राग धरण्याचे ते वय नाही. परंतु गेली वीस वर्षे ज्या कायद्यावर आम्ही मोठी आशा ठेवली, त्या कायद्याचा हिशेब आमच्या शेतापासून फार अलीकडेच थांबतो, हे आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ मधील कलम १२(६)(ग) आमच्याकडच्या अनेक शेतकऱ्यांना पाठ आहे. तुटीच्या काळात खोऱ्यातील किंवा उपखोऱ्यातील सर्व धरणांचे नियमन असे करावे की, खरिपात वापरलेले पाणी धरून, ऑक्टोबरअखेर प्रत्येक धरणातील उपयुक्त साठ्याची टक्केवारी साधारणपणे सारखी राहावी, असे ते कलम सांगते. एवढ्या सरळ शब्दांत न्यायाची व्याख्या करणारे कलम आपल्या राज्यातल्या पाण्याच्या कायद्यांत दुसरे नसावे. माझे म्हणणे या कलमाच्या विरोधात नाही. वरच्या धरणांचा आणि नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, हिशेब जी टक्केवारीची फूटपट्टी लावून केला जातो, तीच फूटपट्टी धरणाच्या खाली, कालव्याच्या मुखापासून टेलपर्यंत लावली जावी, एवढे मागण्यासाठी हे पत्र आहे.

थोडे मागे जाऊन सांगतो. या धरणाची मूळ कल्पना हैदराबाद राज्याच्या काळातली, बीड जिल्ह्यातल्या जायकुचीवाडी या गावाजवळची. पुढे जागा बदलून ती वरच्या बाजूला पैठणला गेली आणि धरणाकडे त्या गावाचे नाव तेवढे राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. एकूण साठा २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला उपयुक्त साठा २१७१ दलघमी, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि तळाशी राहणारा मृतसाठा ७३८ दलघमी. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. हे आकडे आमच्या पिढीने एखाद्या स्तोत्रासारखे ऐकले, कारण पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखाला त्यांत पहिल्यांदा दुसरा काही भरवसा दिसत होता.

तो भरवसा प्रकल्प अहवालातल्या एका गृहीतावर उभा होता. पैठणपर्यंत १९६ टीएमसी येवा, म्हणजे नदीतून येणारे पाणी, धरला गेला, त्यातले ११५ टीएमसी वरच्या भागासाठी आणि ८१ टीएमसी जायकवाडीसाठी. नंतरच्या जलशास्त्रीय अभ्यासांत हा येवा बराच कमी निघाला, आणि दरम्यान वरच्या भागात धरणे होतच गेली. दारणा १९१६ चे आणि भंडारदरा १९२६ चे. ती तर जायकवाडीच्या कितीतरी आधीची आहेत. गंगापूर, मुळा, करंजवण, पालखेड, ओझरखेड, वाघाड, मुकणे, भावली, निळवंडे अशी एकेक भर पडत गेली. नदीचे पाणी मुळात पडते कुठे, तर इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर, जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तिथून पूर्वेला थोडे उतरले की पर्जन्यछायेचा पट्टा सुरू होतो आणि कोपरगाव, वैजापूर आणि वैजापूरशेजारचा गंगापूर तालुका या भागांत पाऊस ५०० मिलिमीटरच्या आगेमागे येतो. घाटमाथ्यावरचे पाणी या कोरड्या पट्ट्यातून खाली वाहत यायचे, आणि वाटेतल्या प्रत्येक गावालाही त्याची तितकीच तहान. गोदावरीचा सगळा तंटा या भूगोलातून निघालेला आहे. कोण्या एका जिल्ह्याच्या दुष्टाव्याने तो निर्माण झाला, असे मी मानत नाही.

गोदावरी जलविवाद लवादाने १९८० मध्ये पैठणपर्यंतचे सारे पाणी वापरण्याची मुभा महाराष्ट्राला दिली. म्हणजे या पाण्यावर शेजारच्या राज्याचा दावा नाही. हे वाटप घरातल्या घरातले आहे, आणि म्हणूनच ते करणाऱ्या आपल्या प्राधिकरणाची जबाबदारी अधिक मोठी आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात नाथसागर मृतसाठ्यात गेला, तेव्हा २००५ च्या कलमाची खरी आठवण झाली. या वाटपासाठी मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल २०१३ मध्ये आला. १९ सप्टेंबर २०१४ रोजी आपण ऐतिहासिक म्हणावा असा आदेश दिला, आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. खरीप वापर धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडायचे, हे सूत्र त्यातून रूढ झाले. त्याप्रमाणे २०१४ मध्ये ७.८९, २०१५ मध्ये १२.८४, २०१८ मध्ये ८.९९ आणि २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचे ठरले. या प्रत्येक आकड्यामागे आंदोलने आहेत, न्यायालयातल्या धावपळी आहेत, रात्री नदीकाठी घातलेली गस्त आहे.

२०२३ चे उदाहरण मी जरा सविस्तर घेतो, कारण त्यात दोन्ही बाजूंचे दुःख एकाच आठवड्यात उघडे पडले. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला जो आदेश निघाला, त्यात मुळा समूहातून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूर समूहातून ०.५० आणि दारणा समूहातून २.६४३ टीएमसी सोडायचे होते. त्याच्या चारच दिवस आधी, २६ ऑक्टोबरला, निळवंडेच्या डाव्या कालव्याचे उद्घाटन झाले होते. निळवंडे प्रकल्पाला मान्यता मिळाली १९७० मध्ये. अकोले, संगमनेर, राहाता भागातल्या जिरायती गावांनी कालव्यात पाणी पाहण्यासाठी पन्नासहून अधिक वर्षे काढली, आणि उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी प्रवरेच्या धरणांमधून साडेतीन टीएमसीच्या जवळपास पाणी खाली सोडण्याचा आदेश त्यांनी वाचला. त्यांना काय वाटले असेल, हे टेलचा शेतकरी म्हणून मला नीट कळते. आमचा हक्क आहे म्हणून त्यांचे दुःख खोटे ठरत नाही.

आणि तरीही ते पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा अखेरचा आठवडा उजाडला. आदेशापासून जवळपास पंचवीस दिवस. या पंचवीस दिवसांचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत असा, की रब्बीच्या ज्वारीची पेरणी उरकून गेली होती आणि हरभऱ्याचीही वेळ टळत आली होती. नदीचे पात्र तेवढे अधिक वाळले होते, म्हणून तेवढेच पाणी अधिक जिरणार होते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, काठावरच्या मोटारींची वीज बंद ठेवायची, या गोष्टी जितक्या उशिरा होतात तितक्या कडवटपणाने होतात. वरच्या शेतकऱ्याने दिलेले पाणी वाटेतच मुरते आणि खालच्या शेतकऱ्याच्या कामी येत नाही. यात जिंकत कोणीच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. समजा, पाणी वेळेवर सुटले, पात्रातला व्यय कमीत कमी झाला आणि ठरलेला आकडा नाथसागरात जमा झाला. तिथे कायद्याचा हिशेब पूर्ण होतो. आमचा तिथून सुरू होतो.

नाथसागर हा पसरट जलाशय आहे. पूर्ण भरला की त्याचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. एवढ्या पृष्ठभागावरून एका मिलिमीटरचा थर जरी उडाला, तरी साडेतीन लाख घनमीटर, म्हणजे ३५ कोटी लिटर पाणी जाते, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला उडणारा थर एका मिलिमीटरवर थांबत नाही. साठा उन्हाळ्यात लांबवर धरून ठेवणे म्हणजे तो उन्हाला वाहणे, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. पिण्याच्या पाण्यासाठी तेवढा राखून ठेवावाच लागतो, त्याबद्दल कोणाचा वाद नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि कितीतरी गावे त्यावर जगतात. परंतु सिंचनाच्या वाट्याचे पाणी रब्बीत वेळेवर देऊन टाकले, तर त्यातून ज्वारी-हरभऱ्याचा दाणा भरतो, आणि तेच मार्चनंतर रखडले, तर त्यातला मोठा हिस्सा आकाशात जातो. हा व्यय दरवर्षी आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीच्या, नियोजनात आकड्यांसह मांडला जाऊन लोकांसमोर आला पाहिजे.

पुढे कालवा. २०८ किलोमीटरच्या कालव्यात जागोजाग अस्तरीकरण उखडले आहे आणि गाळ व झाडोरा यांमुळे वहनक्षमता घटली आहे. पण गळतीपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. मूळ नियोजन आठमाही पिकांचे होते आणि त्यात उसाला जागा अगदी थोडी होती. कोरडवाहू मुलखात जास्तीत जास्त हातांना दोन-तीन पाळ्या पाणी मिळावे, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात मुखाकडच्या भागात आणि कालव्याच्या काठाने ऊस वाढत गेला, आणि बारमाही पीक एकदा उभे राहिले की त्याला पाणी नाकारणे कोणालाच शक्य होत नाही, हे मीही शेतकरी असल्याने जाणतो. ऊस लावणाऱ्या माझ्या बांधवांना मी दोष देत नाही. ज्याला पाण्याची खात्री आणि कारखान्याचा दर दिसतो, तो ज्वारी का पेरील? पण त्याची किंमत टेलला मोजली जाते. आवर्तन सुटल्याची बातमी येते, आम्ही चाऱ्या साफ करतो, नमुना नंबर ७ हा पाणीमागणीचा अर्ज भरून दिलेला असतो, आणि पाणी आमच्या वरच्या तीन-चार दारांपर्यंत येऊन माघारी फिरते, कारण आवर्तनाचे दिवस संपलेले असतात.

दुष्काळाच्या वर्षी असे झाले तर आम्ही मुकाट राहतो. २०१५ मध्ये माणसांना प्यायला पाणी नव्हते, तेव्हा गव्हासाठी कोण भांडणार? परंतु २०१९ ते २०२२ या काळात धरण भरले, २०२४ च्या सप्टेंबरात दरवाजे उघडून नदीत पाणी सोडावे लागले, आणि अशा भरल्या वर्षांतही आमच्या भागातल्या काही चाऱ्यांना एका पाळीच्या पुढे पाणी दिसले नाही. याचा अर्थ टेलची तूट केवळ वरच्या धरणांमुळे होत नाही. मराठवाड्यातला शेतकरी म्हणून हे लिहिताना मला जड जाते, कारण नाशिक-अहिल्यानगरकडे बोट दाखवणे आम्हाला सोपे असते. पण वरच्यांकडून जो न्याय आम्ही मागतो, तो आमच्याच कालव्यावर आम्ही एकमेकांना देत नसू, तर आमच्या मागणीचे बळ निम्मे होते.

हे अशक्य नाही, याचा पुरावा याच खोऱ्यात आहे, तोही वरच्या भागात. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही, की सुरुवात केली ओझरच्या, म्हणजे टेलच्या शेतकऱ्यांनी. त्यांनी घनमापन पद्धतीने, म्हणजे क्षेत्रावर नव्हे तर आकारमानावर, पाणी मोजून घेतले, आणि आधी टेलला पाणी मिळू लागले तेव्हा मुखाकडचे शेतकरीही संस्थांमध्ये आले. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या महासंघाकडे गेले. २००५ मध्येच आपल्या अधिनियमाबरोबर महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमही झाला, तो अशाच अनुभवांच्या आधारावर. वाघाड लहान आहे आणि जायकवाडी अवाढव्य, हे मला मान्य आहे. वाघाडला प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, आमच्याकडे मुखाचा शेतकरी टेलच्या शेतकऱ्याचे गावही पाहिलेला नसतो. म्हणूनच इथे ओळखीची जागा मापाने घेतली पाहिजे.

आपल्या अधिनियमाच्या कलम ११ ने हक्कदारी ठरवण्याचा आणि तिच्या वाटपावर देखरेख ठेवण्याचा अधिकार आपल्याला दिलेला आहे. त्या अधिकारात आपण काय करावे, याविषयी माझी विनंती अशी आहे. १५ ऑक्टोबरला जो हिशेब एकदम समोर येतो, तो १५ जुलैपासून दर आठवड्याला प्रसिद्ध व्हावा, आणि त्यात प्रत्येक धरणाचा साठा, खरिपात कालव्यांतून दिलेले पाणी आणि जलाशयांतून थेट उपसलेले पाणी वेगवेगळे दाखवावे. ऑगस्ट अखेरीलाच तुटीचा अंदाज गावागावांत कळला, तर आडसाली लागणीची वेळ निघून गेलेली असली तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण करायची की नाही, हे शेतकरी स्वतः ठरवू शकेल, आणि बारमाही पिकांचे मंजूर क्षेत्र त्या वर्षीच्या साठ्याप्रमाणे ठरवणेही शक्य होईल. उभे पीक जाळण्यापेक्षा लागण न करणे कितीतरी बरे.

त्याचप्रमाणे जायकवाडीच्या दोन्ही मुख्य कालव्यांवर, प्रत्येक वितरिकेच्या मुखाशी आणि तिच्या टेलशी प्रवाहमापक बसवून, चालू ठेवून, आवर्तन संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत कोणत्या वितरिकेला हक्काच्या किती टक्के पाणी मिळाले, हे मराठीत, आकड्यांत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले जावे. धरणांच्या बाबतीत कायदा जसे म्हणतो की टक्केवारी साधारण सारखी असावी, तसेच वितरिकांच्या बाबतीत आपण म्हणावे. तुटीच्या वर्षी मुखाची वितरिका ८० टक्क्यांवर आणि टेलची २० टक्क्यांवर राहिली, तर पुढच्या आवर्तनात ती भरपाई आधी व्हावी. शेजपाळीची आपली जुनी पद्धत टेलकडून मुखाकडे पाणी देत यायला सांगते. नवे काही शोधायची गरज नाही, जे नियमात आहे ते मोजून पाळण्याची आहे.

पात्रातून पाणी सोडण्याच्या बाबतीतही एक दुरुस्ती हवी. मेंढेगिरी गटाच्या टक्क्यांचा फेरविचार करण्यासाठी २०२३ मध्ये नवा अभ्यासगट नेमला गेला, आणि टक्के किती असावेत यावर दोन्हीकडून हरकती येत राहतील. मला त्या वादात इथे पडायचे नाही. टक्का कोणताही ठरो, आदेश आणि विसर्ग यांच्यामध्ये पंचवीस दिवस जाऊ नयेत, यासाठी कालमर्यादा आपल्या आदेशातच असावी, आणि बंधाऱ्यांच्या फळ्या, वीज, गस्त यांची तयारी १५ ऑक्टोबरच्या आधी पूर्ण करण्याची जबाबदारी नेमून दिलेली असावी. सोडलेले किती, पोचलेले किती, वाटेत जिरलेले किती, हे तिन्ही आकडे विसर्ग संपताच वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांतल्या लोकांना एकाच वेळी कळावेत. वरच्या शेतकऱ्याला आपले पाणी शेवटी कोणत्या शेतात गेले, हे दिसले पाहिजे. त्याच्याकडून मागितलेल्या त्यागाची तेवढी तरी पोच त्याला मिळाली पाहिजे. ते पाणी आमच्याकडे येऊन मुखाकडच्या नव्या उसाला जाणार असेल, तर त्याने ते का सोडावे, या प्रश्नाला आज माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट जलाशयाच्या काठावर राहणाऱ्यांविषयी. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतल्या कित्येकांची घरे आजही काठावर आहेत. पाणी ओसरले की ते गाळपेरा करतात, मोटारी टाकून थोडे भिजवतात. उपशाचा हिशेब मागताना माझ्या मनात त्यांचा पंप उचलून नेण्याचा विचार नाही. ज्यांनी धरणासाठी सर्वस्व दिले, त्यांचा हक्क मोजून मान्य करावा, म्हणजे त्यांच्या नावाखाली होणारा मोठा उपसा आपोआप वेगळा दिसेल.

शेवटी एक निमंत्रण. रब्बीचे आवर्तन डाव्या कालव्याला सुटले, की त्यानंतर विसाव्या दिवशी आपण परभणी जिल्ह्यात यावे. कोणत्याही एका वितरिकेच्या मुखापासून तिच्या टेलपर्यंत आपण सारे चालत जाऊ. अंतर फार नसते, सकाळी निघालो तर उन्हं चढायच्या आत पोचतो. वाटेत प्रत्येक दारापाशी थांबून पट्टीवरची पाण्याची उंची आपणच वाचावी आणि वहीत लिहून घ्यावी. आमच्या चारीच्या कडेला वडिलांनी लावलेले लिंबाचे झाड आहे, तिथे सावलीत बसून ती वही आपण दोघे मिळून बघू.

आपला विश्वासू,
जायकवाडी लाभक्षेत्रातील एक शेतकरी,
जिल्हा परभणी